पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचंय? मग आधी हे वाचून घ्या

जून संपत आला की सगळीकडं एकच चर्चा, पन्हाळा-पावनखिंड कधी जायचं, किती किलोमीटर आहे, एका दिवसात होतंय का, मुक्काम कुठं करायचा, घरातल्या बायकापोरांना आणलं तर जमेल का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. कोल्हापुरात राहून ही वाट चालला नसाल तर एकदा तरी चालाच, पण तयारीनं चाला आणि वाटेवरच्या माणसांच्या शेताला धक्का न लावता चाला, माझं सांगणं एवढंच आहे.

ज्यांना मागचं पुढचं माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1660 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. हा वेढा चार महिने चालला, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर मारा केला तो ह्याच वेढ्यात, पावसाळा लागला तरी जौहर काय हलला नाही. शेवटी 12 जुलैच्या रात्री भर पावसात महाराज सहाशेच्या आसपास बांदल मावळे बरोबर घेऊन राजदिंडी नावाच्या वाटेनं खाली उतरले आणि मसाई पठारावरनं विशाळगडाकडं निघाले. दुसरी एक पालखी वेगळ्या वाटेनं सोडली होती, त्यात महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसले होते. ती पालखी पकडली गेली, सोंग उघडं पडलं आणि शिवा काशीद मारले गेले, पण तेवढ्या वेळात खरी पालखी लांब गेली. 13 जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे अर्धी माणसं घेऊन थांबले आणि विशाळगडावरनं तोफेचे आवाज होईपर्यंत त्यांनी सिद्दी मसूदची फौज अडवून धरली. बाजीप्रभू पडले, त्यांचे भाऊ फुलाजी पडले, बांदलांची कितीतरी माणसं पडली. त्या घोडखिंडीला आपण आता पावनखिंड म्हणतो.

आता बाजीप्रभू हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचे. बांदलही तिकडचेच. त्यांचं नाव वाटेला आणि खिंडीला कायमचं चिकटलंय ते योग्यच आहे. पण शिवा काशीद मात्र आपल्या इथले, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे, नाभिक समाजातले. परत यायची काही आशा नाही हे माहिती असून पालखीत बसणारा हा माणूस आपल्या पंचक्रोशीतला होता आणि तरी पुष्कळ ग्रुप बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढून थेट राजदिंडी गाठतात. तसं करू नका. वाट सुरू करायच्या आधी शिवा काशीदांच्या स्मारकाला नमस्कार करा, तिथं पाच मिनिटं उभं राहा, बरोबर पोरं असतील तर त्यांना ही गोष्ट सांगा. मग बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जा आणि मग चालायला लागा. माझ्या मते ह्या वाटेची खरी सुरुवात नेबापूरच्या माणसापासनंच होते.

कधी जायचं हा पहिला प्रश्न. जुलैच्या 12-13 च्या आसपास राज्यभरातनं हजारोंच्या संख्येनं लोक येतात, वातावरण भारी असतंय, घोषणा, झेंडे, वाटेवर गावोगावी चहा-जेवणाची सोय असते, एकटा माणूस सुद्धा हरवत नाही. ज्याला तो माहोल अनुभवायचाय त्यानं तेव्हाच जावं आणि एखाद्या जुन्या, जबाबदार संस्थेबरोबर नाव नोंदवून जावं. पण मुक्कामाला गर्दी, वाट तुडवून तुडवून गुडघाभर चिखल, आणि पाऊस कधी किती पडेल ह्याचा नेम नाही. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पश्चिमेला घाटमाथ्याकडं गेलं की त्याच्या कितीतरी पट, म्हणजे रंकाळ्यावर भुरभुर असली तरी पावनखिंडीजवळच्या गजापूरकडं ओढे फुटलेले असू शकतात हे डोक्यात पक्कं ठेवा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना, वयस्कर मंडळींना, लहान पोरांना घेऊन जाणाऱ्यांना मी तरी नोव्हेंबर ते जानेवारी सांगतो. गवत सोनेरी झालेलं असतंय, सकाळी गारठा असतोय, ओढ्यांना बेताचं पाणी असतंय, भाताची कापणी झालेली असली की वाट पण मोकळी असते. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात गेला तर मसाई पठारावर फुलं बघायला मिळतात, ती एक वेगळीच मजा. फेब्रुवारीच्या पुढं मात्र नको, पठारावर सावली नाही, पाणी आटतं, जांभा दगड तापतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पंचगंगेची पातळी बघायची सवय लावा. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. पाणी तिकडं सरकायला लागलं की रेडेडोह फुटायचा, म्हणजे तिथनं नदीचं पाणी पात्राबाहेर पसरायचा धोका, आणि तो फुटला की केर्लीकडनं पन्हाळ्याला जाणारा रस्ता पाण्याखाली. म्हणजे तुम्ही गडावर जाल पण परत येताना अडकाल. 2021 च्या जुलैत तर पन्हाळ्यावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. हवामान खात्याचा रेड अलर्ट असला तर सरळ पुढं ढकला, वाट कुठं पळून जात नाही. ग्रुपमध्ये एकजण असतोच जो म्हणतो काय होत नाही चला रे, त्याचं ऐकू नका.

आता अंतर. पन्हाळा ते पावनखिंड पन्नास ते पंचावन्न किलोमीटर धरून चाला, कुठल्या वाडीतनं कसं वळता त्यावर थोडं कमीजास्त होतं, आणि पुढं विशाळगडापर्यंत जाणार असाल तर अजून दहाएक किलोमीटर. चिखलात चांगला चालणारा माणूस पण तासाला तीन किलोमीटरच्या वर जात नाही. हिशेब करा, नुसतं चालायलाच सतरा-अठरा तास. म्हणून दोन दिवस लागतातच. एका दिवसात करणारे आहेत, रात्रीतनं करणारे पण आहेत, पण ते रोज पळणारे लोक, त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

तयारी निदान महिना-दीड महिना आधी सुरू करा. जिममधली तब्येत आणि चालायची तब्येत ह्यात फरक आहे. रोज रंकाळ्याला फेऱ्या मारा, आधी एक, मग दोन, मग तीन. रविवारी गायमुखावरनं जोतिबा चढून उतरा, नाहीतर कात्यायनीला जा. शेवटच्या दोन आठवड्यात एकदा तरी सलग वीस किलोमीटर चालून बघा आणि ते पाठीवर भरलेली सॅक घेऊन, ओले बूट घालून चालून बघा, कारण खरा त्रास तिथंच कळतो. कोल्हापूर ते पन्हाळा पायी गेलं की बरोबर तेवढंच अंतर होतं, पहाटे निघायचं, वर जाऊन झुणका-भाकरी खायची आणि एसटीनं खाली यायचं. दुसऱ्या दिवशी पाय उचलत असतील तर तुम्ही तयार आहात असं समजायला हरकत नाही. बीपी, शुगर, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय निघू नये.

सामानाबद्दल. बूट नवे कोरे नकोत, महिनाभर वापरलेले पाहिजेत, तळाला खोल दाते असलेले. चिखलात आणि जांभ्यावर गुळगुळीत सोलचे स्पोर्ट्स शूज घालून जाणं म्हणजे पाय मोडून घ्यायची तयारी. गमबूट पण नकोत, आत पाणी शिरलं की बाहेर निघत नाही आणि नडगीला काचतात. मोज्यांचे तीन जोड, सुती नको, सुती मोजा ओला झाला की वाळत नाही आणि फोड येतो. जीन्स अजिबात नको, ओली जीन्स मांड्यांना सोलून काढते. पटकन वाळणारी ट्रॅक पँट घाला. मांड्यांच्या मध्ये, काखेत, टाचेला, बोटांच्या मध्ये सकाळी निघतानाच व्हॅसलीन चोळा, काचल्यावर लावून उपयोग नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरा, वरच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका. आणि मुक्कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, ते काही झालं तरी दिवसा काढायचे नाहीत. रेनकोट म्हणाल तर वाऱ्यात पोंचो उडतो, पठारावर तर डोक्यावरच येतो, त्यापेक्षा जाकीट बरं. वाटेत रोप लावणीला निघालेल्या बायका डोक्यावर खोळ घेऊन वाकून काम करतात बघा, पाठ पूर्ण झाकलेली आणि हात दोन्ही मोकळे, पावसात काम करायला त्याच्यापेक्षा सोयीचं काही मी बघितलेलं नाही.

काठी घ्याच. महागडी ट्रेकिंग पोल नसली तर बांबूची चालते, फक्त छातीपर्यंत येईल अशी घ्या. हेडटॉर्च, जादा सेल, शिट्टी, मीठ-साखरेचं पाकीट, बँडेज, कापूस, अँटिसेप्टिक, तुमची नेहमीची औषधं. खायला भडंग, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुळाचे खडे, खजूर. दुपारसाठी घरनं भाकरी आणि खर्डा बांधून घेतला तर सगळ्यात उत्तम, भाकरी पावसाळी हवेत दिवसभर टिकते आणि पोटाला आधार देते. पाणी दोन लिटर जवळ पाहिजेच. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारनंतर पिंढऱ्या वळतात. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं पण वर गुरं चरतात, शेतात खत टाकलेलं असतं, ते उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच प्या.

पन्हाळ्याला कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं एसटी मिळते, तासाभराच्या आत पोचवते. स्वतःची गाडी नेऊ नका, कारण तुम्ही उतरणार दुसऱ्याच टोकाला. सकाळी साडेसहापर्यंत गडावर पोचून सातला राजदिंडी उतरायला लागा. 2025 च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, बारा किल्ल्यांच्या यादीत, तेव्हापासनं गर्दी वाढलीय, त्यामुळं गड बघायचा असेल, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, तर तो आदल्या दिवशी बघून वर मुक्काम करा. त्याच सकाळी गड पण बघू आणि पन्नास किलोमीटरची सुरुवात पण करू असं जमत नाही.

राजदिंडी गडाच्या पश्चिम अंगाला. उतार खडा आहे, पावसात शेवाळलेल्या दगडांवर पाय सरकतो, सुरुवातीलाच घाई करून घोटा मुरगळून घेणारे दरवर्षी असतात. खाली तुरुकवाडी, मग म्हाळुंगे आणि मग मसाई पठाराची चढण. चढण फार मोठी नाही पण अंग अजून तापलेलं नसतंय म्हणून दमवते, सावकाश चढा.

मसाई पठारावर आला की सगळे शीण विसरायला होतात. लांबच लांब सपाट माळ, एक टप्पा संपला की दुसरा, वारा असा की सरळ उभं राहता येत नाही, जांभ्याच्या खळग्यांमधी साठलेलं पाणी, त्याच्या कडेनं बारीक बारीक रानफुलं, आणि मधेच मसाईदेवीचं देऊळ. देवळात थांबा, दर्शन घ्या, अंग पुसा, काहीतरी खा. पठाराच्या कड्यात पांडवदरा म्हणून जुनी लेणी आहेत, वेळ असेल तर बघता येतात पण चालायच्या दिवशी वाट सोडून तिकडं वळू नका, त्यासाठी वेगळा रविवार काढा. हे पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गाड्या पठारावर घालणं, चूल पेटवणं, फुलं तोडणं, स्पीकर लावणं हे काही करायचं नाही. जांभ्यावरची माती बोटभर सुद्धा नसते, त्यात ती फुलं उगवतात, एकदा टायर फिरला की तिथं पुढची कित्येक वर्षं काही येत नाही.

पठारावरची खरी अडचण म्हणजे धुकं. पाच मिनिटांपूर्वी समोर दिसणारं देऊळ गायब होतं आणि पुढचा माणूस पण दिसत नाही. चारी बाजूला सारखंच, चढ नाही उतार नाही, त्यामुळं दिशा कळत नाही आणि माणूस नकळत कड्याकडं सरकतो. अशा वेळी तीन गोष्टी करा, पहिली म्हणजे गाडीवाटेची चाकोरी सोडायची नाही, दुसरी सगळ्यांनी एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात राहायचं, पुढं एक आणि मागं एक माहीतगार, मधे कमी चालणारे. तिसरी, वाट सापडत नसेल तर बसून घ्यायचं. धुकं हलतं, पंधरा मिनिटात नाहीतर अर्ध्या तासात फट पडतेच. मोबाईलमध्ये ऑफलाइन नकाशा आणि वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून ठेवा कारण पठाराच्या पुढं रेंज येते जाते आणि वाड्यांच्या मधे तर नसतेच म्हणा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, बॅटरी दोन दिवस पुरवायचीय.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या एकामागनं एक लागतात. इथनं पुढं वाट म्हणजे जंगल, शेत, ओढा, वाडी, परत जंगल. आणि इथलं एक सांगायचंच आहे, कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही.

जुलै म्हणजे रोप लावणीचे दिवस. चिखलगुट्टा करून वाफे तयार केलेले असतात, तरवा म्हणजे भाताची रोपं उपटून पेंढ्या बांधून ठेवलेल्या असतात, आणि बांधांना नुकताच ओला चिखल थापलेला असतो म्हणजे वाफ्यातलं पाणी अडून राहावं. त्या ओल्या बांधावर दहा माणसं एकामागनं एक गेली की बांध बसतो. मग वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात फुटतं, नुकतं लावलेलं रोप पाण्याबरोबर वाहून जातं, टाकलेलं खत पण जातं. त्या बाईनं दिवसभर कंबर मोडून लावलेलं शेत तुमच्या एका शॉर्टकटनं वाया जातं आणि तोपर्यंत तुम्ही पुढच्या वाडीत चहा पीत असता. म्हणून वाट जिथं बांधावरनं जाते तिथं सुट्ट्या सुट्ट्या अंतरानं जा, बांधाच्या मधोमध पाय टाका, कडेला नको. बांध मऊ लागला तर कडेच्या पडक्या जागेतनं वळसा घाला. चुकून बांध फुटलाच तर तिथंच थांबून दोन्ही हातांनी चिखल भरून दाबून टाका, दोन मिनिटांचं काम आहे, आणि शेतात कोण असेल त्याला सांगून जा. शेतकऱ्याला राग येतो तो न सांगता पळून जाणाऱ्याचा. विचारून गेलात तर तोच माणूस तुम्हाला सोपी वाट दाखवायला कोसभर बरोबर येतो.

वाट विचारायची पण एक पद्धत आहे. हा रस्ता पावनखिंडीला जातो का असं विचारलं की समोरचा बहुतेक हो म्हणतो, कारण जातोच तो कुठनंतरी. त्यापेक्षा पुढची वाडी कुठली आणि तिकडं पायवाटेनं कसं जायचं असं विचारा. आणि लांब आहे का ह्याला जवळच आहे की असं उत्तर आलं तर तासभर धरून चाला, त्यांच्या पायाला ते जवळच असतं. म्हातारी माणसं भेटली तर मावशी, मामा, काका म्हणून दोन शब्द बोला, आल्या आल्या कॅमेरा तोंडासमोर धरू नका.

ओढे ओलांडताना घाई नको. पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसत असेल तरच उतरा. गढूळ, फेसाळ, मधे काटक्या-पानं वाहत असतील तर वर पाऊस वाढलाय असं समजा आणि थांबा, पाऊस कमी झाला की हे छोटे ओढे तास-दोन तासात उतरतात. उतरायच्या आधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाय घसरलाच तर सॅक टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढं रोवायची, ती घट्ट बसली की एक पाय सरकवायचा, मग दुसरा, पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासतच न्यायचा. बूट काढून अनवाणी उतरू नका, खाली धारदार दगड असतात. दोघं-तिघं खांद्याला खांदा लावून एकत्र ओलांडली तर अजून सुरक्षित.

जळवा पण लागतात, विशेषतः दुसऱ्या दिवशी गर्द रानात. मोज्यांना आणि बुटाला मिठाचं पाणी किंवा तंबाखूचं पाणी लावून ठेवलं की बऱ्याच कमी चढतात. लागलीच तर ओढून तोडू नका, नखानं बाजूनं सरकवून काढा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं काही नाही. गवे आहेत ह्या पट्ट्यात, संध्याकाळी शेताच्या कडेला दिसू शकतात. दिसला की थांबायचं, आवाज न करता मागं सरकायचं, सेल्फीच्या नादात जवळ जायचं नाही. साप चावला तर मांत्रिक, पट्टी आवळणं, चिरा देणं हे काही नको, माणसाला हलू न देता 108 ला फोन करा आणि जमेल त्या गाडीनं शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरकडं किंवा कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याकडं काढा. चिखलात दोन दिवस पाय असतात, कुठं कापलं खरचटलं असेल तर झाकून ठेवा, आणि परत आल्यावर आठ-पंधरा दिवसात ताप आला, अंग ठणकलं, तर डॉक्टरला सांगा की भातशेतीच्या चिखलातनं चालून आलोय, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाचा विचार त्यांनी करावा म्हणून.

मुक्काम करपेवाडी-आंबेवाडीच्या पट्ट्यात. साधारण निम्मी वाट तिथं संपते. जुलैत सव्वासातच्या सुमारास मावळतं पण ढग असले की साडेसहालाच जंगलात अंधार पडतो, त्यामुळं सहाच्या आत वाडीत पोचायचं असं ठरवूनच चाला. आधी फोन करून ठेवा, गावातल्या कुणाच्या घरी, देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात सोय होते, पण शाळा असेल तर परवानगी घेऊनच. जेवण सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी, भात-आमटी मिळते. पैसे ठरवून आणि वेळेवर द्या, घासाघीस करू नका, पावसात ओलं सरपण पेटवून एवढ्या लोकांचं रांधणं सोपं नाही. महिलांनी आधीच विचारून घ्यावं की संडास-बाथरूमची सोय कुठल्या घरी आहे, बहुतेक घरातल्या बायका प्रेमानं सोय करतात, ओले कपडे बदलायला खोली देतात. सॅनिटरी पॅड वापरलेले कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत आणायचे, आणि प्लॅस्टिकचा सगळा कचरा पण. वाडीत कचरागाडी येत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर जेवायच्या आधी पायांचं बघा. बूट मोजे काढा, कोमट पाण्यानं पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पावडर टाका. कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते, तिला रात्रभर हवा लागली पाहिजे. फोड आला असेल तर सुई तापवून कडेला बारीक भोक पाडा, पाणी जाऊ द्या, पण वरची कातडी काढू नका. बुटात रद्दी पेपर कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरंचसं पाणी शोषलं जातं. आणि लवकर झोपा, गप्पा मारत बारा वाजवले तर दुसरा दिवस जड जातो.

दुसऱ्या दिवशी सहा-सव्वासहाला उजाडतं, तेव्हाच निघा. रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे करत पांढरेपाणी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, रान दाट, वाट लाल, कुठं धनगरवाड्यावर कोंबडा आरवल्याशिवाय आवाज नाही. पण उतार-चढ भरपूर आणि आदल्या दिवसाचे पाय दुखत असतात, त्यामुळं पहिले दोन तास हळू, मग पाय मोकळे होतात. पांढरेपाण्याला डांबरी रस्ता येतो, डांबरीवर तळपाय भाजल्यासारखे होतात, कडेच्या गवतातनं चाला.

पावनखिंडीत वर स्मारक आहे आणि खाली घळीत उतरायला पायऱ्या आणि लोखंडी शिडी. कासारी नदीचा उगम ह्याच गजापूरच्या भागात, जी पुढं भोगावती, तुळशी, कुंभीला मिळून पंचगंगा होते आणि कोल्हापूरला पाणी पाजते. शिडीवर एका वेळी थोडेच जण, तोंड शिडीकडं करून उतरा, दांड्या ओल्या असतात. खाली पाण्याला जोर असेल तर वरनंच नमस्कार करा. घळ अरुंद आहे, पाऊस वाढला की पाणी एकदम चढतं आणि बाहेर पडायला तीच एक शिडी. उतरलात तर दोन्ही बाजूचे कातळ बघा, अंतर बघा, मग कळतं थोडी माणसं मोठी फौज कशी अडवून धरू शकली, पुस्तकात वाचून ते कळत नाही. घोषणा द्या, महाराजांची गारद (बिरुदावली) म्हणा, पण दारू, डीजे, भिंतीवर नावं कोरणं हे तिथं होत असेल तर तिथल्या तिथं थांबवा.

विशाळगडाला जाणार असाल तर बाजीप्रभू आणि फुलाजींच्या समाध्या तिथंच गडावर आहेत, जायलाच पाहिजे असं मी म्हणेन. पण मधेमधे प्रशासनाचे बंदीआदेश असतात, वेळेचे निर्बंध असतात, त्यामुळं शाहूवाडी पोलिसांकडं आधी चौकशी करा. पावसात भिजून चालत जाऊन पायथ्यापासनं परत फिरायला लागलं तर फार जिवाला लागतं.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. विशाळगड-गजापूरकडनं एसटी मलकापूरला येतात पण मोजक्याच, दुपारनंतरची चुकली तर अडकलात. वेळ आगारात फोन करून विचारा, पावसाळ्यात फेऱ्या रद्द पण होतात. ग्रुप मोठा असेल तर मलकापूरहून वडाप (भाड्याची जीप) आधीच सांगून ठेवा, आठ-दहा जणात परवडतं. मलकापूर हायवेवर आहे, तिथनं कोल्हापूरला गाड्या रात्रीपर्यंत असतात. निघताना घरी एका माणसाला पूर्ण वाट, मुक्कामाची वाडी, ग्रुपमधल्या दोघांचे नंबर आणि तुम्ही रविवारी किती वाजता मलकापुरातनं फोन करणार ते लिहून द्या, आणि त्या वेळेला फोन आला नाही तर 112 ला कळवायचं असं त्यांना सांगून ठेवा.